‘ग्रॅव्हिटी’ कसा पाहावा : बीड जिल्ह्यातील नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

अंतराळात अडकलेल्या माणसाचा एकही सिनेमा ज्यांनी आजवर पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. वयाची, शिक्षणाची, उत्पन्नाची अट नाही. गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत जिल्ह्यातले अकराही तालुके पात्र आहेत. खगोलशास्त्र वाचून येण्याची गरज नाही; उलट वाचून आलेले लोक शेजारच्याला सिनेमा पाहू देत नाहीत. त्यांची सोय पुढे वेगळी केली आहे.

सुरुवातीला हाच सिनेमा कशाला, असं कुणी विचारेल. या जातीच्या सिनेमांत जे अव्वल असतं आणि जे फुसकं असतं, ते दोन्ही यात एकाच ठिकाणी, भरपूर आणि स्वच्छ दिसतं. शिकाऊ माणसाला असाच नमुना लागतो.

प्राथमिक माहिती

सिनेमा २०१३ चा. दिग्दर्शक मेक्सिकोचे अल्फोन्सो कुआरोन. पटकथा त्यांनी आणि त्यांचा मुलगा होनास, दोघांनी मिळून लिहिलेली. लांबी ९१ मिनिटं. पडद्यावर तोंड दिसतील अशी मोठी माणसं दोनच : सँड्रा बुलक आणि जॉर्ज क्लूनी. ऑस्करला दहा नामांकनं मिळाली, त्यातले सात पुरस्कार हाती लागले : दिग्दर्शन, छायाचित्रण, दृश्य परिणाम, संकलन, संगीत आणि आवाजाचे दोन. पटकथेचं त्या दहांत नावच नव्हतं. ऑस्कर देणाऱ्यांवर एरवी कितीही टीका करा, त्या वर्षी त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं.

भारतात हा सिनेमा लागला ११ ऑक्टोबर २०१३ ला, ऐन दसऱ्याच्या तोंडावर. पुढच्याच महिन्यात, ५ नोव्हेंबरला, मंगळयान उडालं. सिनेमाचा खर्च सुमारे दहा कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं सहाशे कोटींच्या घरात. मंगळयानाचा साडेचारशे कोटी. पुढच्या वर्षी जूनमध्ये श्रीहरिकोट्याला पंतप्रधानांनी हा हिशेब जाहीर भाषणात मांडला आणि तेव्हापासून भारतात ‘ग्रॅव्हिटी’ हे एका सिनेमापेक्षा एका आकड्याचं नाव झालं. सिनेमा न पाहिलेल्यांनाही तो मंगळयानापेक्षा महाग होता एवढं पाठ असतं. यान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोहोचलं, साडेदहा महिन्यांत. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली होती आणि बीडच्या स्टेशनात पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला आली, हे इथे सांगण्याचं काही कारण नाही. विषय अंतराळाचा आहे.

साहित्य

जमेल तेवढा मोठा पडदा आणि जमेल तेवढा अंधार. मोबाईलवर पाहू नये. मोबाईलवर या सिनेमातून उजेड आणि आकार निघून जातात आणि मागे राहतात संवाद. म्हणजे नेमकं जे टाकायचं तेच ताटात उरतं. गणपतीच्या मंडळाचा प्रोजेक्टर आणि शाळेची पांढरी भिंत मिळाली तर उत्तम. जत्रेतल्या तंबूत मातीत मांडी घालून ज्यांनी सिनेमे पाहिले आहेत त्यांना बसण्याबद्दल वेगळं सांगायला नको. लाइट जाण्याची शक्यता गृहीत धरून इन्व्हर्टर भरून ठेवावा. इंग्रजी येत नसेल तर चिंता नाही, किंबहुना ती या सिनेमापुरती जमेची बाजू समजावी.

पहिली पायरी : तेरा मिनिटं तोंड बंद

सिनेमाची सुरुवात एकाच सलग दृश्यानं होते. मध्ये कुठे काप दिसत नाही, असं जवळपास तेरा मिनिटं चालतं. आधी नुसती पृथ्वी. निळी, ढगांनी मळलेली, पडद्याच्या बाहेर जाईल एवढी मोठी. मग कोपऱ्यात एक ठिपका. ठिपका जवळ येतो तेव्हा कळतं की ते यान आहे, त्याला हबल दुर्बीण जोडलेली आहे, आणि तीन माणसं बाहेर लोंबकळत काम करतायत. एक जण पाठीवर फवाऱ्याचं यंत्र लावून उगाच गोल फिरतोय. कॅमेरा त्यांच्याभोवती फिरत फिरत जातो, बाईच्या चेहऱ्याजवळ येतो, तिच्या काचेच्या टोपात शिरतो, आतून बाहेर बघतो आणि पुन्हा बाहेर येतो. कधी शिरला आणि कधी निघाला हे कळत नाही. वर कोणतं आणि खाली कोणतं हेही हळूहळू कळेनासं होतं, आणि नवशिक्यानं नेमकं इथेच खुर्ची धरायची असते.

या तेरा मिनिटांत शेंगा फोडू नयेत.

हे केलं कसं, हे ठाऊक असलं तर मजा कमी होत नाही, वाढते. अंतराळातल्या बऱ्याच दृश्यांत खरा आहे तो फक्त चेहरा. अंगावरचा पोशाख, यान, दुर्बीण, पृथ्वी हे सगळं लंडनच्या फ्रेमस्टोअर या कंपनीतल्या लोकांनी संगणकावर उभं केलं. अडचण अशी होती की चेहरा खरा आणि बाकी खोटं असलं की दोन्हींवरचा उजेड जुळत नाही आणि डोळा लगेच चोरी पकडतो. म्हणून छायाचित्रकार इमॅन्युएल लुबेझ्की आणि दृश्य परिणामांचे टिम वेबर यांनी आतून बारीक एलईडी दिव्यांनी मढवलेली एक पोकळ खोली बनवून घेतली. त्या दिव्यांवर पृथ्वी, सूर्य, यान यांची चित्रं फिरवायची आणि मधोमध सँड्रा बुलक. माणूस गरगर फिरवण्याऐवजी त्याच्याभोवतीचा उजेड फिरवायचा. कॅमेरा मोटारीच्या कारखान्यांत वापरतात तसल्या यांत्रिक हातावर बसवलेला. बाई तासन्‌तास त्या खोलीत एकटी. पडद्यावर गालावरून पृथ्वीचा निळा उजेड सरकत जातो आणि मागून सूर्याचा पांढरा येतो, तेव्हा तो त्या दिव्यांचा असतो. लुबेझ्कींनी यानंतर लागोपाठ आणखी दोन वर्षं छायाचित्रणाचं ऑस्कर नेलं. उजेडाच्या बाबतीत माणूस खोटं बोलत नाही.

दुसरी पायरी : आवाजाचं बटण

अंतराळात हवा नाही, म्हणून आवाज नाही. बहुतेक सिनेमे हे विसरतात आणि पोकळीत ढणाढणा स्फोट करतात. इथे फुटलेल्या उपग्रहांचा कचरा येऊन यानाच्या चिंधड्या करतो तेव्हा कानाला स्फोट ऐकू येत नाही. बाईनं हातानं जे धरलंय त्याची थरथर तेवढी तिच्या पोशाखातून ऐकू येते, शिवाय तिचा श्वास आणि स्टीव्हन प्राइस यांचं संगीत. मागे सगळं फुटतंय आणि काही ऐकू येत नाही, हे जास्त भयंकर आहे. हा भाग आवाज मोठा करून ऐकावा.

माणसं बोलायला लागली की आवाज बारीक करावा. रिमोट घरातल्या समंजस व्यक्तीच्या हाती द्यावा, पोरांच्या हाती नको.

मध्येच एक देशबंधू

यानाबाहेर काम करणारा तिसरा माणूस भारतीय आहे. नाव शरीफ. तो ‘श्री ४२०’ मधलं मुकेशचं ते जपानी जोड्याचं गाणं गुणगुणत दोरीला लटकून झोके घेतो. १९५५ सालचं गाणं, पृथ्वीपासून सहाशे किलोमीटर वर. हे दिसताच प्रेक्षागृहात टाळ्या पडणं स्वाभाविक आहे, तुम्हीही वाजवा. पण लवकर वाजवा. थोड्याच वेळात त्याच्या डोक्यातून आरपार भोक गेलेलं असतं. तोंड धडपणे दिसायच्या आत तो गेला.

तरीही लेखनाचा पाठ म्हणून शरीफकडे नीट बघा. त्याच्या पोशाखाला एक फोटो बांधलेला आहे, त्यात बायको आणि पोरगा. माणूस मेल्यावर तो फोटो शेजारी तरंगत राहतो. कुणी त्यावर भाषण करत नाही, संगीत गळा काढत नाही. शरीफला उणीपुरी दोन मिनिटं मिळाली : एक गाणं, एक झोका, एक फोटो. सिनेमातला सगळ्यात नीट लिहिलेला माणूस हाच आहे. नायिकेच्या वाट्याला पूर्ण ९१ मिनिटं आली, त्यामुळे तिचं नुकसान झालं.

तिसरी पायरी : कचऱ्याचं प्रकरण

गोष्ट एवढीच. रशियानं आपला निकामी उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला, त्याच्या तुकड्यांनी दुसरे उपग्रह फोडले, त्यांच्या तुकड्यांनी तिसरे. आता हा लोंढा दर नव्वद मिनिटांनी फिरून येणार. गोष्ट सांगून टाकली म्हणून रागावू नका, राखून ठेवण्यासारखं तीत फार काही नव्हतं.

हा प्रकार मात्र कल्पनेतला नाही. अमेरिकेच्या डोनाल्ड केसलर यांनी १९७८ सालीच हिशेब मांडून दाखवला होता की कक्षेत पुरेशी गर्दी झाली की टकरीतून टकरी वाढत जातील. चीननं २००७ मध्ये, आपण २७ मार्च २०१९ ला आणि रशियानं २०२१ मध्ये स्वतःचे उपग्रह वरच्या वर फोडून पाहिले. आपला फार खालच्या कक्षेत होता, त्याचे तुकडे बव्हंशी लवकर खाली येऊन जळाले. चीनचे अजून फिरतायत.

हे सगळं आपल्याला काय करायचंय, असं वाटत असेल तर २०२२ चा गुढीपाडवा आठवा. दिवस २ एप्रिल. संध्याकाळी महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून आकाशात पेटत्या गोळ्यांची माळ जाताना दिसली. लोक गच्चीवर, रस्त्यावर उभे राहून मोबाईल वर धरून होते. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी आणखी काही. रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलेलं सापडलं. ते चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. गुढ्या उतरवून झाल्या होत्या आणि वरून कडं आलं. पडलं ते मोकळ्या जागेत, म्हणून बरं.

चौथी पायरी : माणूस कसा बनवलाय ते ओळखणे

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, सावकाश वाचा.

नायिका डॉक्टर रायन स्टोन. जेमतेम सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन वर आलेली. पोट ढवळतंय, हात कापतोय, काम जमत नाहीये. इथपर्यंत ठीक. पण पटकथाकार बापलेकांना वाटलं, एवढ्यावर प्रेक्षकाला हिच्याबद्दल काही वाटणार नाही. मग तहसीलमध्ये अर्जाला जसा दाखला जोडतात तसा त्यांनी हिला दुःखाचा दाखला जोडला : चार वर्षांची मुलगी गेली. सत्यप्रत जोडली, सही-शिक्का झाला, सहानुभूती मंजूर.

मुलगी गेल्याचं दुःख खोटं आहे असं इथे कुणी म्हणत नाही. पोरगी शाळेत शिवाशिवी खेळताना पडली आणि गेली. इतकं साधं, इतकं बिनअर्थाचं मरण सुचणं हे लेखकाचं काम आहे. त्याहून चांगलं पुढचं : बातमी आली तेव्हा ती गाडी चालवत होती, आणि तेव्हापासून ती रोज कामावरून सुटली की नुसती गाडी चालवत राहते, रेडिओ लावून, कुठेही. हे वाचवण्यासारखं होतं. पण ते तिथेच टाकून देऊन सिनेमा पुढे प्रार्थना, अश्रू, वर गेलेल्या लेकीला निरोप असल्या मार्गाला लागतो, आणि एकदा लागला की परत फिरत नाही.

त्यात वेळ बघा कुठली निवडली. तिच्या टाकीतला प्राणवायू संपत आलाय. काटा लाल झालाय. तिचा सोबती कोवाल्स्की तिला बजावतो, घोटाघोटानं श्वास घे, हावरटासारखा नको. आणि लगेच विचारतो, गाव कुठलं तुमचं? आत्ता तिकडे किती वाजले असतील? काय करत असता या वेळेला? वर बघून तुमची आठवण काढणारं कुणी आहे का खाली? म्हणजे हवा वाचवायला सांगायची आणि जीवनचरित्र वदवून घ्यायचं. तिला धीर यावा म्हणून तो बोलतं ठेवतोय, असं समर्थन करणारे भेटतील. त्यांना चहा द्यावा आणि पुढे जावं.

याबाबतीत आपल्या जिल्ह्यातला प्रेक्षक कुणाला ऐकणार नाही, कारण संपत आलेल्या टाकीकडे बघत दिवस काढणं काय असतं हे त्याला कुणी शिकवायला नको. ज्या वर्षी हा सिनेमा आला त्याच वर्षी फेब्रुवारीत परळीचं वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडलेला, गावोगाव टँकर. टँकर आला की गावातल्या विहिरीत पाइप सुटतो आणि भोवती दोरखंड-बादल्या घेऊन बाया उभ्या राहतात. त्या वेळी कुणी कुणाला तुझं माहेर कुठलं, असं विचारत नाही. बोलणं असतं ते एवढंच : सरक. दोरी सोड. टिपाड भरलं का? कळशी आण, कळशी. एखादीच्या घरी आठवड्यापूर्वी मयत झालेली असते आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं, म्हणून तिची बादली कुणीतरी आधी जाऊ देतं. एवढंच. लेखकाला लिहायचं असतं ते हे.

स्वाध्याय

सिनेमा इथे थांबवावा आणि पुढील उपक्रम करावा. तो करायला दसरा-दिवाळीनंतरचे दिवस योग्य.

तोवर ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलेल्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, आता ती फिटेपर्यंत कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या हद्दीत कोपी टाकून राहायचं. मागे गावात म्हातारी आणि पोरं. बालाघाटाच्या डोंगरातल्या कुठल्याही वाडीत संध्याकाळी ओट्यावर बसावं. फोन येतो. आजी तो स्पीकरवर टाकते, कारण तिला नीट ऐकू येत नाही. तिकडून आई बोलते.

‘जेवलास का?’

‘हां.’

‘शेरडं बांधली का?’

‘बांधली.’

‘मास्तर आल्ते का?’

‘आल्ते.’

‘हिकडं लई थंडी पडायलीय. तू स्वेटर घाल. आज्जीला सांग गोळ्या संपायच्या आत आणाय. ठिवते, गाडी भरायचीय.’

उणापुरा मिनिटभर. यात आठवण येते हे वाक्य नाही. रडू नाही. आता कागद घ्या आणि याच दोघांचा संवाद ‘ग्रॅव्हिटी’च्या पद्धतीनं लिहा : आईनं आपल्या एकटेपणाबद्दल बोललं पाहिजे, मुलानं तिला जगण्याचं बळ दिलं पाहिजे, शेवटी दोघांनी आकाशाकडे पाहिलं पाहिजे. लिहून झालं की मोठ्यानं वाचा. आजी काय म्हणते ते ऐका.

आमच्या आत्याबाईंनी सिनेमा मध्यावर आल्यावर एवढंच विचारलं, ‘ही बाई एकटीच कामून बोलायलीय?’ पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी रकानेच्या रकाने लिहिले, त्यांतून याहून नेमका प्रश्न निघालेला मला दिसला नाही.

पाचवी पायरी : क्लूनी

जॉर्ज क्लूनी यांचा कोवाल्स्की हा अनुभवी, विनोदी, देखणा आणि निवृत्तीला आलेला गडी. अंतराळात सर्वांत जास्त वेळ चालण्याचा विक्रम आपल्या नावावर व्हावा एवढीच त्याची इच्छा. तो विक्रम खरोखरच रशियाच्या अनातोली सोलोव्यॉव्ह यांच्या नावावर आहे : सोळा वेळा यानाबाहेर, मिळून ब्याऐंशी तासांच्या आसपास. कोवाल्स्कीला भीती नाही, राग नाही, पश्चात्ताप नाही, घाम नाही. साथीदार मेले तरी केस विस्कटत नाहीत, टोपाच्या आत होते म्हणून असेल. बाई वाचावी म्हणून तो हात सोडून देतो आणि मरतानाही खाली दिसणाऱ्या गंगेवरच्या सूर्योदयाचं कौतुक करतो. एवढा गुळगुळीत माणूस कुठेच अडत नाही आणि जो अडत नाही तो लक्षातही राहत नाही. बरं, गेला तर गेला. पण पुढे बाई हताश होऊन प्राणवायू बंद करून बसते तेव्हा तो तिच्या भासात पुन्हा येतो आणि यान कसं चालू करायचं तेही सांगून जातो. मेल्यावरही शिकवणी चालूच.

वाचून आलेल्यांसाठी स्वतंत्र दालन

आपली हरकत बरोबर आहे. हबल आणि अंतराळ स्थानक यांच्या उंचीतही फरक आहे आणि कक्षांच्या कलातही : एक विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांनी, दुसरी जवळपास बावन्न. सिनेमात दोघं जातात तसं पाठीवरच्या फवाऱ्यानं एकीकडून दुसरीकडे जाणं शक्य नाही. दोरीला लटकून दोघंही थांबलेले असताना कोवाल्स्कीला पलीकडे ओढणारं तिथे काही नव्हतं. एक हलका हिसका दिला असता तर तो बाईकडे आला असता. त्यानं हात सोडला तो गुरुत्वाकर्षणामुळे नाही, पटकथेमुळे. दळणवळणाचे बरेच उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर असतात, ते या कचऱ्यानं फुटत नाहीत. अश्रूंचे थेंब सुटून तरंगत कॅमेऱ्याकडे येतात, तसं होत नाही. क्रिस हॅडफील्ड यांनी त्याच वर्षी स्थानकात प्रयोग करून दाखवलं होतं की पाणी डोळ्यालाच चिकटून गोळा होत राहतं. आणि हो, बाईचे केस तरंगत नाहीत. अमेरिकेचे खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी सिनेमा लागला त्याच आठवड्यात ट्विटरवर अशा चुकांची जंत्री लावली आणि मग वर सांगितलं की सिनेमा आपल्याला आवडला.

आपलं समाधान झालं असल्यास गच्चीवर जावं. अंतराळ स्थानक कधीकधी पहाटे किंवा तिन्हीसांजेला आपल्याकडूनही दिसतं. न लुकलुकणारा ठळक ठिपका, पाच-सहा मिनिटांत या टोकाकडून त्या टोकाकडे. आत माणसं आहेत. इतर प्रेक्षक तोवर सिनेमा संपवतील.

खरं तर या चुकांचा मला राग नाही. कक्षेचा कल वाकवला म्हणून सिनेमाचं काही बिघडत नाही. माणसाचा कल वाकवला की बिघडतं, आणि त्याची जंत्री कुणी लावत नाही.

सहावी पायरी : इथे आवाज मोठा करा

एक जागा सुटता कामा नये. सोयुझ यानात इंधन नाही, बाई एकटी रेडिओची बटणं फिरवत बसलीय. अचानक आवाज येतो. पलीकडे आनिंगाक नावाचा कुणी माणूस, ग्रीनलँडच्या बर्फावर. त्याला इंग्रजी येत नाही, हिला त्याची भाषा येत नाही. मागे कुत्री भुंकतायत. मग तान्ह्या बाळाचं रडं ऐकू येतं आणि तो त्याला अंगाई म्हणतो. बाई त्याला म्हणते, कुत्र्यांचा आवाज पुन्हा ऐकव, आणि स्वतःही भुंकून दाखवते. तिकडेही हसू. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नाही आणि अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात जिवंत बोलणं हेच.

होनास कुआरोन यांनी याच संभाषणाची दुसरी बाजू दाखवणारा सातेक मिनिटांचा लघुपट वेगळा केला, नाव ‘आनिंगाक’. तो बर्फावरचा माणूस आपल्या आजारी, म्हाताऱ्या कुत्रीला मारायचं कसं या चिंतेत असतो आणि रेडिओवरच्या परक्या बाईला तेच सांगत असतो. ती मरायला बसलीय हे त्याला माहीत नाही. त्याची कुत्री मरायला टेकलीय हे तिला माहीत नाही. दहा कोटी डॉलरांच्या सिनेमाला जे जमलं नाही ते त्यातल्याच एका लेखकाला बर्फ, तंबू, कुत्री एवढ्यावर जमलं. म्हणजे लिहिता येत नव्हतं असं नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेवटी ती वाचते का? — वाचते. चिनी यानातून तळ्यात पडते, पोशाखाच्या वजनानं बुडते, तो काढून फेकते, पोहून वर येते, चिखलात रांगते आणि उभी राहते. पाय लटपटतात. इथे ती जवळपास काहीच बोलत नाही, त्यामुळे हा भाग उत्तम झालाय. बुलक बाईंचं सगळं खरं काम श्वासात आणि अंगात आहे.

मध्ये ती स्थानकात शिरून पोशाख काढते आणि पोटातल्या बाळासारखं अंग आवळून तरंगत राहते, मागे नाळेसारखी नळी. त्याचा अर्थ काय? — तुम्हाला कळला तोच. दिग्दर्शकानं तो चुकूनही हुकू दिलेला नाही.

दुसऱ्यांदा पाहावा का? — जरूर, आवाज पूर्ण बंद करून. मी तसाच पाहतो. संगीत गेल्याचं वाईट वाटतं, बाकी काही अडत नाही.

आमच्या पोराला सिनेमा लिहायचाय, त्याला दाखवावा का? — दाखवावा, आणि सोबत हेही सांगावं की कुआरोन यांना पात्रं जमत नाहीत असा समज करून घेऊ नये. २००६ चा ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ त्यांचाच आहे.

यानंतर काय पाहावं? — त्यांचाच २०१८ चा ‘रोमा’. काळापांढरा, सव्वादोन तासांचा, कॅमेरा स्वतः कुआरोन यांनी सांभाळलेला. त्यातही मूल गमावलेली बाई आहे, त्यातही ती पाण्यात जीव धोक्यात घालते. ती मेक्सिको सिटीतल्या एका घरची मोलकरीण आहे, क्लेओ, पोहता येत नाही. पूर्ण सिनेमाभर ती इतकं कमी बोलते की तिचं दुःख तिच्या तोंडून फक्त एकदा, समुद्रातून पोरांना ओढून बाहेर आणल्यावर, दोन वाक्यांत येतं, आणि तेही आपण ऐकायला तयार असतो त्याच्या नेमकं उलटं. पूर्वसूचना : सुरुवातीला बराच वेळ पडद्यावर फक्त फरशी दिसते आणि तिच्यावर पाणी ओतलं जातं. काहीच घडेना, असं कुणी कुरकुरू लागल्यास त्याला चहा करायला पाठवावं. आधण ठेवून परत येईल तेव्हाही फरशीच धुऊन चाललेली असेल, मात्र तोवर त्या पाण्यात वरून जाणारं विमान दिसलेलं असेल आणि ते त्याचं चुकलेलं असेल. त्याला सांगू नये.